मी तर स्पष्ट होकार दिला होता

१ सप्टेंबर, शुक्रवार. दुपारी ३.

आजपासून मॉलमध्ये ख्रिसमसची गाणी सुरू. आमच्याकडे ख्रिसमस सप्टेंबरातच लागतो. म्हणजे वर्ष संपत आलं. चांगला दिवस बघून रोजनिशी सुरू करतोय. रोज एक पान. खाडा नाही.

मोठी बातमी. पोरीचा, जोव्हलिनचा, फिनलंडहून फोन. एरोशी लग्न करायचं म्हणते. एरो म्हणजे ती ज्या वृद्धाश्रमात नर्स आहे तिथला इलेक्ट्रिशियन. उंच, पांढराफटक, गप्प. व्हिडिओवर दोनदा पाहिलाय. दोन्ही वेळा मला वाटलं नेट अडकलं. बायको एर्लिंडा म्हणते पोरगा गुणी आहे. बायकांना हे कुठून कळतं देव जाणे.

मी अट घातली. मागणी रीतसर हवी. मुलाच्या आईबापांनी मुलीच्या घरी जेवण घेऊन यायचं, बापाला विचारायचं, बापाने हो म्हणायचं, मग सगळ्यांनी एकत्र जेवायचं. माझ्या वेळी असंच झालं. जोव्हलिन म्हणाली, तातय, त्याच्या आईचा गुडघा नुकताच बदललाय, एवढा विमानप्रवास झेपायचा नाही, व्हिडिओवर विचारतील. मी उदार मनाने चालेल म्हणालो.

ती म्हणाली, मीपण कॉलवर बसते, कुठे अडलं तर सांगेन. हसूच आलं. अकरा वर्षं मी कॉल सेंटरमध्ये ट्रेनर आहे. इथली, इलोइलो शहरातली पोरंपोरी ऑस्ट्रेलियाच्या गिऱ्हाइकांशी घडाघडा बोलतात, ती कुणामुळे? परदेशी माणसाशी कसं बोलावं हाच माझा विषय. आणि मला दुभाषी? म्हटलं, त्या दिवशी तू ड्यूटी लावून घे. हे दोन बापांचं काम आहे.

होकार झाला की जानेवारीत लग्न इथेच, असं तिनेच कबूल केलंय. चार वर्षांत पोरगी घरी आलेली नाही. तिचा हात धरून मोलोच्या चर्चमध्ये मधल्या वाटेने चालायचं. एवढं झालं की मला आयुष्यात दुसरं काही नको.

६ सप्टेंबर, बुधवार.

चार दिवस लिहिलं नाही. कामं होती.

फिनिश लोकांचा सखोल अभ्यास पूर्ण. दोन लेख, एक व्हिडिओ. निष्कर्ष: कमी बोलतात, आणि जे बोलतात तेच त्यांच्या मनात असतं. जरा रांगडी पद्धत आहे, पण सांभाळून घेऊ. धन्यवादला कीतोस म्हणतात. पाठ केलं.

स्वागताचं भाषण चार पानांचं झालंय. एर्लिंडाला वाचून दाखवलं. दुसऱ्या पानावर म्हणाली, हो म्हण आणि जेवायला बस. एकतीस वर्षं ही बाई माझ्या भाषणांच्या मुळावर उठलेली आहे.

माझी थोरली बहीण मनांग पुरिंग चार घरं पलीकडे राहते. मी चौपन्न वर्षांचा झालो तरी मला तोतो म्हणते, म्हणजे बाळ. ती विचारत होती, तोतो, ते लोक पडद्यावर येणार, मग डुक्कर कोण भाजणार? मीच. अजून कोण.

१० सप्टेंबर, रविवार. संध्याकाळी ६.

दणदणीत यश! सगळं लिहून ठेवतो.

बरोबर तीन वाजता कॉल. मागच्या टेबलावर आख्खं भाजलेलं डुक्कर दिसेल असा कॅमेरा लावला. एर्लिंडाला स्वयंपाकघरात बसवलं, ती मध्ये मध्ये बोलते. पडद्यावर एरोचे वडील तौनो आणि आई राइली. तौनोने कोट घातला होता. राइलीने एक गोल काळी भाकरी कॅमेऱ्यापुढे धरली आणि म्हणाली, आम्ही हे आणलंय. बघून जीव भरून आला.

मी भाषण सुरू केलं. मध्ये नेट गेलं. आलं तेव्हा मी तिसऱ्या पानावर होतो. त्यांनी एका शब्दाने अडवलं नाही. इतकं लक्ष देऊन मला आजवर कुणी ऐकलेलं नाही.

मग तौनो उभा राहिला. कागद काढून सावकाश इंग्रजीत वाचलं: आमच्या एरोला तुमची जोव्हलिन द्याल का? मी डगमगलो नाही. लगेच होकार दिला. एका सेकंदात. वर, आता जेवायला घ्या, असंही सुचवलं.

तौनो बघतच राहिला. किती तरी वेळ. राइलीने मान खाली घातली. मग तो म्हणाला, समजलं, वेळ दिल्याबद्दल आभार. आणि कॉल बंद. भावना अनावर झाल्या असणार. कमी बोलणाऱ्या माणसांचं असंच होतं.

कीतोस म्हणायचं राहिलं. हरकत नाही. सगळा कॉल रेकॉर्ड केलाय. पुढच्या बॅचला दाखवणार.

१५ सप्टेंबर, शुक्रवार.

तिकडून काही नाही. तारीख नाही, आभार नाहीत. तौनोला फुलाचं चित्र पाठवलं. पाहिल्याची खूण आली. उत्तर नाही.

१९ सप्टेंबर, मंगळवार.

अजून काही नाही! जोव्हलिनला विचारलं तर म्हणे ड्यूटीवर आहे. मुलगी देतोय की वर्गणी मागतोय? रागारागाने तीन वाट्या भात खाल्ला. उद्यापासून भात बंद. शुगर.

२२ सप्टेंबर, शुक्रवार. दुपारी ४.

अक्षर नीट येत नाही.

जोव्हलिनचा फोन. रडत होती. म्हणाली, तातय, बारा दिवस मी धीर गोळा करत होते. सांगा, तुम्ही त्यांना नाही असं का म्हणालात?

मी? नाही? माझं डोकंच फिरलं. म्हटलं, रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे! एर्लिंडाला बोलावलं, पुरिंगला बोलावलं. जोव्हलिनला फोनवर ठेवूनच सगळ्यांनी पाहिलं.

तौनो विचारतो. मी त्याच्याकडे बघतो. दोन्ही भुवया वर उचलतो. एकदा. मग परत एकदा. मग ओठांचा चंबू करून मागच्या डुकराकडे दाखवतो. झालं.

पुरिंग म्हणाली, हो म्हणालाय की! दोनदा म्हणालाय! एर्लिंडासुद्धा माझ्या बाजूने. म्हणाली, आणि जेवायलाही घ्या म्हणतोय, याहून काय सांगायचं? आख्ख्या घराने एकमताने ठरवलं की मी स्पष्ट होकार दिलाय. एर्लिंडाशी माझं एकमत झाल्याची ही गेल्या काही वर्षांतली पहिलीच वेळ.

जोव्हलिन म्हणाली, इकडे भुवयांना कुणी उत्तर समजत नाही, तातय. तौनोला काय दिसलं? एका बापाला त्याने मुलगी मागितली. बापाने डोळे वटारले, तोंडातून अवाक्षर काढलं नाही, आणि वर ओठ काढून वेडावून दाखवलं. राइली दोन दिवस जेवली नाही. तिला वाटलं भाकरी आवडली नाही.

मी सांगितलं, कॅमेऱ्याचा अँगल चुकला. उजेडही कमी होता. तिने फोन ठेवला.

२३ सप्टेंबर, शनिवार.

शांतपणे विचार केला. चूक माझी नाही. मी संदेश पाठवला, त्यांनी घेतला नाही. माझ्या ट्रेनिंगमध्ये याला घेणाऱ्याकडची अडचण म्हणतात.

एर्लिंडा म्हणते, आत्ता फोन लाव आणि हो म्हणून मोकळा हो. सोपं वाटतं तिला. मुलीचा बाप होऊन मी फोन करून, घ्या हो माझी पोरगी, असं म्हणू? गल्लीतले लोक तोंडात शेण घालतील. विचारायचं मुलाकडच्यांनी. त्यांनी पुन्हा विचारावं, मी पुन्हा होकार देईन. या वेळी आवाजात. माझी काही हरकत नाही.

जोव्हलिनने तौनोला सांगून पाहिलं, तातयला होच म्हणायचं होतं म्हणून. तौनो म्हणाला, विचारलं मी त्यांना, तर सांगायचंही त्यांनीच. आणि दुसऱ्यांदा विचारणार नाही, तो त्यांच्यावर दबाव होईल. काय पण माणूस आहे! आमच्याकडे पाहुण्याला भातसुद्धा तीनदा विचारतात.

२६ सप्टेंबर, मंगळवार.

योजना तयार. तौनोला रस्ता करून द्यायचा. लग्नाच्या आसपास घुटमळायचं, म्हणजे तो आपसूक विषय काढेल. एवढी नाजूक कामगिरी इलोइलोत दुसऱ्या कुणाला जमायची नाही.

आज मेसेज केला: जानेवारीत तुमच्याकडे हवामान कसं असतं? तो म्हणेल फार थंडी, मी म्हणेन इकडे छान ऊन असतं, तो म्हणेल मग येऊ का. असा विचार.

दोन मिनिटांत उत्तर आलं: उणे अठरा.

पुढे काही नाही. अर्धा तास फोन हातात धरून बसलो होतो.

२८ सप्टेंबर, गुरुवार.

लग्नात घालायच्या आमच्याकडच्या शर्टासाठी म्हणून तौनोला छातीचं माप विचारलं. शर्टाचं बोललो नाही, नुसतं माप विचारलं. माणूस विचारेलच ना, का हो, कशाला?

उत्तर: ११२ सेंटीमीटर.

कपाळ माझं!

१ ऑक्टोबर, रविवार.

बुटाचा नंबर विचारला. ४५.

मग सरळ चर्चचा फोटो पाठवला. आतला. वेदीवर पांढरी फुलं, मधल्या वाटेवर लाल गालिचा. याहून उघड बोलायचं म्हणजे बेशरमपणा झाला असता. तौनोने लिहिलं: मजबूत दिसतं. दगडाचं आहे का?

मी लगेच लिहिलं: हो.

त्याने अंगठा पाठवला. प्रगती आहे.

५ ऑक्टोबर, गुरुवार.

नवी बॅच. विषय: अंदाज बांधू नका, थेट विचारा. छान रंगला क्लास. मागे बसलेली एक मुलगी डोळे पुसत होती. नंतर कळलं सर्दी.

१० ऑक्टोबर, मंगळवार.

चर्चच्या ऑफिसात गेलो. तिथली बाई मला नोंग म्हणते, म्हणजे दादा. म्हणाली, नोंग, २० जानेवारी तुमच्यासाठी धरून ठेवलीये, पण आज नाव पक्कं करा, मागे तिघं थांबलेत. मी म्हटलं, बघू, जरा थांबा. ती गोड हसली आणि म्हणाली, ठीक आहे, नोंग. चला, तारखेचं काम झालं. आपल्या माणसांशी बोलण्याचं हे सुख असतं. उगाच शब्दांचा कीस काढावा लागत नाही.

१४ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी ११.

जोव्हलिन फोनवर खूप बोलली. मी मध्ये बोललो नाही. बोलायला जागाच ठेवली नाही तिने.

म्हणाली, बुटाचे नंबर कसले विचारता, तातय? तौनोने सगळं वहीत लिहून ठेवलंय. मला विचारत होता, तुझे वडील चांभार आहेत का? एक शब्द सांगायचाय तुम्हाला. लिहून पाठवा, ओरडून सांगा, भिंतीवर रंगवा, काहीही करा. मी त्या माणसाच्या घरी जेवते, तो मला मुलगी म्हणतो, आणि त्याला वाटतं माझ्या बापाला तो नकोय. मला लाज वाटते हो. तुमची नाही, माझीच.

मी म्हणालो, उद्या करतो फोन.

ती म्हणाली, तुमचं उद्या मी पहिलीत असल्यापासून ऐकतेय. आणि ठेवला.

फार लागलं मनाला. एर्लिंडा दारात उभी राहून ऐकत होती, ती पाठ फिरवून आत गेली. ते जास्त लागलं.

उद्या नक्की.

१५ ऑक्टोबर, रविवार.

रविवारी तिकडे लोक घरी आराम करतात म्हणे. त्रास नको द्यायला.

१८ ऑक्टोबर, बुधवार.

नुसतं हो म्हणून चालणार नाही. आधी गैरसमजाची पार्श्वभूमी मांडायला हवी. भुवया उचलण्यामागची आमची परंपरा, मग दोन्ही देशांची मैत्री, मग होकार. सहा पानं झाली. होकार सध्या शेवटच्या पानावर आहे.

२१ ऑक्टोबर, शनिवार.

आज करणारच होतो. दिवसभर वीज नाही.

२३ ऑक्टोबर, सोमवार.

वीज आली. घसा बसला.

२७ ऑक्टोबर, शुक्रवार.

भाषण नऊ पानं. एर्लिंडा विचारत होती, केलास का? म्हटलं, मसुदा पक्का होतोय. ती म्हणाली, तू हो म्हणायला घाबरतोस की पोरगी जाईल याला घाबरतोस? काय हा भलताच प्रश्न! पॅनकेक करायला घेतले, तेही करपले.

खरं सांगायचं तर रात्रीचं जेवण जाईना. तिला विमानतळावर सोडलं तेव्हाही मी तीन महिन्यांत येशीलच म्हणालो होतो.

२ नोव्हेंबर, गुरुवार.

मृतांच्या सणाचे दोन दिवस कबरस्तानात. आईबापांच्या कबरींवर मेणबत्त्या, भात, सगळे नातेवाईक. सगळे विचारत होते लग्न कधी. मी म्हणालो, बोलणी चालू आहेत. पुरिंग खोकली.

६ नोव्हेंबर, सोमवार.

संताप! चर्चच्या ऑफिसात गेलो तर २० तारीख भलत्याच कुणाला देऊन टाकलेली. फेब्रुवारीसुद्धा भरला. बाईला जाब विचारला. म्हणाली, नोंग, तुम्हीच बघू म्हणालात, मला वाटलं नकोय. अहो मग तसं तोंडाने सांगायला काय जातं या लोकांचं? ठीक आहे म्हणे! एक महिना मी त्या ठीक आहेवर विसंबून. लोकांना साधं बोलता येत नाही, आणि चालले जगाशी संवाद साधायला.

मार्चमध्ये बघू. मार्चमध्ये ऊन जास्त असतं, एरो भाजेल. पण बघू.

८ नोव्हेंबर, बुधवार.

एर्लिंडा रोज संध्याकाळी पुरिंगकडे. माळ जपायला म्हणे. आज निघताना केस धुवून, लिपस्टिक लावून निघाली. देवालाही बरं वाटत असेल.

जोव्हलिनचा मेसेज: तातय, बरे आहात ना? मी भुवया उचलल्या, मग लक्षात आलं, आणि लिहिलं: बरा आहे.

१० नोव्हेंबर, शुक्रवार. संध्याकाळी ७.

आज केला.

दोनला शिफ्ट संपली. घरी आलो तर कुणी नाही. भाषण अकरा पानं झालेलं. टाय बांधला. कॅमेऱ्यात कमरेखालचं दिसत नाही म्हणून खाली घरचीच हाफ पँट. बरोबर पाचला तौनोला लावला. तिकडे सकाळचे अकरा.

पहिल्याच रिंगला उचलला. सूटमध्ये. कोटाला फूल. मागे केक, कपबश्या, उभी माणसं. मी पान एक उघडलं. तेवढ्यात तो बाजूला सरकला आणि मागे जोव्हलिन दिसली. पांढरा झगा, केसांत छोटी पांढरी फुलं. शेजारी एरो. हसत होता. मी त्याला हसताना पहिल्यांदा पाहिलं. चांगला दिसतो.

भाषण हातातून गळून पडलं. तोंडातून एकच शब्द निघाला. हो. मग परत म्हणालो, मोठ्याने. तौनो, हो, माझा होकार आहे.

तौनो म्हणाला, धन्यवाद, हे ऐकून मला फार बरं वाटलं, पण लग्न चाळीस मिनिटांपूर्वी झालं, कचेरीत. मग म्हणाला, तुम्हाला हे मान्य नव्हतं, म्हणून मीच सगळ्यांना सांगितलं की तुम्हाला कळवू नका. ज्याला यायचं नाही त्याला बोलावून अवघडायला लावणं मला बरं वाटलं नाही. असं अगदी सरळ मनाने म्हणाला. टोमणा मारला असता तर मला सोपं गेलं असतं.

त्याच्या मागे भिंतीवर मोठा टीव्ही होता. त्यात एक दिवाणखाना दिसत होता. निळे पडदे, येशूची तसबीर, भिंतीला टेकवलेला पंखा. ओळखीचा वाटला. मग ओळखलाच. पुरिंगचा दिवाणखाना. आख्खी गल्ली तिथे बसलेली. मधोमध एर्लिंडा, चर्चला घालायचा जांभळा ड्रेस, रुमालाने डोळे पुसत. पुरिंग माईक घेऊन गात होती. तिचं गाणं मला आमच्या खिडकीतून ऐकू येत होतं, आणि तेच गाणं जरा वेळाने फोनमधून, फिनलंडला जाऊन परत.

जोव्हलिन फोनजवळ आली. तिला माझी हाफ पँट दिसली, कारण मी उभा राहिलो होतो. ती हसली आणि रडली, दोन्ही. म्हणाली, तातय, जेवलात का? मी नाही म्हणालो. ती म्हणाली, जा मग पुरिंगकडे, सगळे तिथेच आहेत.

पँट घालून गेलो. चार घरं. गाणं थांबलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग एकमेकांकडे पाहिलं. पुरिंग म्हणाली, बस, तोतो. कुणीतरी खुर्ची दिली. टेबलावर हाडं, रिकामे वाडगे, पुसून काढलेला भाताचा टोप.

एर्लिंडाला हळूच विचारलं, माझ्यासाठी काही झाकून ठेवलंयस का?

ती म्हणाली, नाही.